निशाणी पाचचे पेढे

भाऊजी,

तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी आपली तारीख होती. सुतकात कोर्टात कायले जाता, असं गावातल्या दोन-तीन बायांनी मला विचारलं. तारखेला सुतक कळत नाही, असं म्हणून मी एकटीच दारव्ह्याच्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने सवयीने माझ्या शेजारची जागा मोकळी ठेवली होती. मग त्याच्याच लक्षात आलं, तसा तो खाली मान घालून दुसऱ्या सवारीला हाक मारायला गेला.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायाने आधी माझं नाव पुकारलं, मग तुमचं. तीनदा पुकारलं. तुमचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. तिसऱ्या पुकाराला मी आत जाऊन म्हणाले, "साहेब, ते वारले." साहेबांनी वर पाहून विचारलं, तुम्ही कोण? "मी वादी," म्हटलं, "त्यांची वहिनी." साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाच वर्षं ज्या माणसाच्या विरुद्ध मी तिथे उभी राहत होते, त्याच्या जाण्याची बातमीही मीच द्यावी, असा तो दिवस होता. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पाहा वयनी, आता माह्या बाजूनंही तुमीच बोलता." मला रडू तिथे नाही आलं, बाहेर येऊन नळावर तोंड धुताना आलं.

आपला वाद विहिरीचा होता. हे तुम्हाला काय सांगायचं, पण तुम्ही तो नेहमी अर्ध्यातूनच सांगायचात, म्हणून एकदा मला पुरता सांगू द्या. तुम्ही आणि तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, दोघा भावांनी मिळून विहीर खोदली. पुढे वाटणी झाली आणि विहीर तुमच्या बाजूला गेली. पाणी एक दिवसाआड ज्याचं त्याने घ्यायचं, अशी पाण्याची बारी तोंडी ठरली. हे होते तोवर ते नीट चाललं. हे गेले, दुसऱ्या वर्षी पाणी खाली गेलं, माझा हरभरा फुलावर होता आणि तुमचा गहू ओंबीवर. तुम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं. "सातबाऱ्यावर इहीर माह्या नावानं हाय," म्हणालात. मी तुमच्या दारात आले नाही, भांडले नाही. सरळ दारव्ह्याला जाऊन दावा टाकला. तुम्हाला वाटलं होतं, अंगणवाडीची बाई, चार दिवस फुगून बसेल.

मग आपण बोलायचं बंद केलं, आणि ते बंद महिनाभर टिकलं. एका सकाळी मी पोरांची वजनं करत होते आणि तुम्ही अंगणवाडीच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात. टोपी हातात.

"वयनी, एक विचारू का?"

मी काट्यावरून नजर हटवली नाही.

"मोबाइलवर आपल्या केसचं येते म्हणतात. माह्यापाशी तसला मोबाइल नाई. काय म्हंते थे?"

आपल्या केसचं. हा शब्द ऐकूनच मला संताप आला. मी मोबाइल उघडून त्याच आवाजात वाचून दाखवलं: समन्स प्रतीक्षेत.

"म्हंजे?"

"म्हणजे कोर्ट तुमची वाट पाहते. बेलीफ तीन वेळा येऊन गेला तुमच्या घरी कागद घेऊन. तुम्ही दर वेळी वावरात."

तुम्ही डोकं खाजवलं. "मंग घ्यावं का म्हंता थे कागद?"

भाऊजी, ज्याच्यावर दावा टाकला तो माणूस दावा टाकणारीलाच विचारतो, समन्स घेऊ का! मी म्हटलं, "घ्या. नाही घेतलं तर तुमच्या मागे निकाल माझ्याच बाजूने लागेल." तुम्ही "बरं" म्हणून गेलात आणि खरोखरच घेतलं. मला वाटतं आपला अबोला मोडला तो तिथेच. पुढे ते ठरूनच गेलं. तारीख होऊन दोन दिवस झाले की तुम्ही फाटकाशी यायचे, मी मोबाइलवर केसचं पान उघडायचे, आणि पुढच्या तारखेला काय आहे ते तुम्हाला वाचून दाखवायचे. माझ्या वकिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, बाई, तुम्ही वादी आहात की प्रतिवादीच्या मुनशी? तुमच्या वकिलांनीही तुम्हाला झापलं होतं म्हणे. म्हणून आपण नियम केला. दारव्ह्यापर्यंत एकाच जीपने जायचं, मी खिडकीशी, कारण मला डिझेलच्या वासाने मळमळतं, तुम्ही शेजारी. "खिडकी वादीची," असं तुम्ही दर वेळी म्हणायचे. कोर्टाच्या फाटकाशी आलो की वेगळं चालायचं, एकमेकांना न ओळखल्यासारखं. तारीख पडली की फाटकाबाहेर पुन्हा चहा.

शब्द मात्र तुम्हाला कोर्टाच्या भाषेत कधी पटले नाहीत. एकदा पानावर "अनरेडी" आलं. मी वकिलांना विचारून आले होते, ते तुम्हाला सांगायला लागले, की अजून कागद पुरे झाले नाहीत, काहींना नोटीस पोचायची आहे, म्हणून खटला चालवायच्या यादीत घेतलेला नाही. तुम्ही मला मध्येच थांबवलं. "म्हंजे वापसा नाई." पाऊस पडून गेला, जमीन ओली आहे, पण पेरणीची पाभर चालेल अशी झाली नाही. मी दहा वाक्यांत सांगत होते ते तुम्ही दोन शब्दांत उरकलं. त्या दिवशी मी अंगणवाडीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: अनरेडी, वापसा नाही, गजू भाऊजी. मग पुढचेही लिहीत गेले. "तहकूब" आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मजूर आले अन पाऊस आला, दिवस गेला. "मुद्दे काढणे" आलं तेव्हा मी सांगितलं की दोघांचं म्हणणं वाचून साहेब ठरवतात, नेमकं भांडण कशावर आहे. तुम्ही म्हणालात, हे तं त्यायनं पहिलेच विचाराले पाह्यजे होतं. त्याला तुम्हाला वावरातला शब्द सापडला नाही, म्हणून ती जागा वहीत कोरी आहे.

आणि निशाणी पाच! त्याची आठवण आली की मला अजून एकटीला हसू येतं, अगदी परवा तुमच्या शोभासमोरही आलं. कोर्टात प्रत्येक कागदाला आकडा पडतो, त्याला निशाणी म्हणतात. निशाणी पाच म्हणजे माझा तातडीचा अर्ज, की मोठा निकाल लागेपर्यंत तरी मला पाणी घेऊ द्या. मी आठ दिवस यवतमाळला ट्रेनिंगला होते. तुम्हाला दम निघाला नाही. तुम्ही जीपच्या ड्रायव्हरकडून पान वाचून घेतलं. त्याने "निकाली" एवढाच शब्द पाहिला आणि म्हणाला, काकाजी, तुमची केस निकाली दिसून राह्यली. केस निकाली निघाली, म्हणजे वयनीची केस पडली, असं तुम्ही धरलं. आणि दारव्ह्याहून पेढे आणून अख्ख्या गावात वाटले. माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनाही दिले.

मी आठव्या दिवशी उतरले तर जीपच्या थांब्यावर तुम्ही पेढा घेऊन उभे. "वयनी, राग मानू नका. हारजीत चालतेच. आपण घरचेच हाओ." मी तिथेच उभ्या उभ्या पान उघडलं. निकाली होती ती फक्त निशाणी पाच. पुढे बारीक अक्षरात होतं: अर्ज मंजूर. म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत तुम्ही माझं पाणी अडवायचं नाही, असा तुम्हाला हुकूम. मी दोनदा वाचून दाखवलं.

तुम्ही हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. मग म्हणालात, "म्हंजे म्या तुमच्या जिंकण्याचे पेढे वाटले?"

"हो."

"मंग अजून एक घ्या. एकानं काय होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीचं कुलूप निघालेलं होतं. चिडलेला माणूस हुकूम असूनही चार दिवस छळू शकतो, तुम्ही एक दिवसही छळलं नाही. हे मी तेव्हा कोणाजवळ बोलले नाही, कारण मला तुमच्यावर रागावलेलं राहायचं होतं.

त्या रागाला कारण होतं, आणि तिथे मी आजही माझी बाजू सोडणार नाही. कैफियत. तुमच्या वकिलांनी तुमच्यातर्फे जे लेखी उत्तर दिलं, त्यात एक ओळ होती, की विहिरीच्या खोदकामात वादीच्या मयत पतीने कधी एक घमेलंही उचललं नाही. मी ती ओळ तुम्हाला जीपमध्ये वाचून दाखवली. माझा आवाज चढला होता.

"थे म्या नाई म्हटलं, वयनी. वकिलानं लिवलं."

"सही कोणाची?"

"सही म्या केली. पण वाचलं नाई."

"वाचलं नाही, का वाचून गप्प बसले?"

ते भांडण आपण दोन वर्षं केलं. दर तारखेला कुठून तरी ते निघायचं. यांच्या हातावरचे घट्टे मी पाहिले होते, सुरुंग उडाल्यावर धुळीने माखून घरी येणारा माणूस मी पाहिला होता. जमीन, पाणी हे सगळं बाजूला ठेवा, पण त्या ओळीने मला माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं होतं. आणि तुम्ही "वकिलानं लिवलं" याच्या पुढे जात नव्हता. माझी चूक इतकीच, की तुम्ही पुढे जाऊ शकता हे मी धरूनच चालले नव्हते.

मग पानावर "प्रतिवादीचा पुरावा" आलं. तुम्ही विचारलं, याच्यात काय करावं लागते? मी म्हटलं, शपथ घेऊन खरं बोलावं लागतं. "मंग आपल्या दोघायच्या वकिलायचं काय होईल?" असं म्हणून तुम्ही हसलात. त्या तारखेला तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता.

माझ्या वकिलांनी उलटतपासात तुम्हाला विचारलं, की तुमच्या भावाने विहिरीचं काहीच काम केलं नाही, असं तुमच्या कैफियतीत लिहिलं आहे, ते खरं आहे का? तुम्ही आधी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खोटं हाय, साहेब. पहिली कुदळ दादानंच मारली. म्या तवा बारावीत नापास होऊन घरी बसलो होतो. मले हात धरून इहिरीत त्यायनंच उतरवलं. दादा नसते तं इहीर झाली नसती."

टंकलेखकाने ते टाइप केलं. साहेबांनी वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, आणि तुम्ही सही केली. या वेळी वाचून. तुमच्या वकिलांनी हातातला कागद टेबलावर आपटला नाही एवढंच. बाहेर व्हरांड्यात ते तुम्हाला इतके बोलले की मलाच तुमची कीव आली. तुम्ही म्हणालात, "शपथ घेतली होती जी."

आपण चहा प्यायला बसलो. भाऊजी, त्या वेळी मला बोलायला हवं होतं. दोन वर्षं जे मागत होते ते तुम्ही भर कोर्टात, स्वतःच्या केसवर पाणी सोडून, मला दिलं होतं. आणि मी काय म्हणाले? "लवकर प्या, जीप भरली की निघेल." जीपपाशी आल्यावर एवढंच सुचलं, की आज तुम्ही खिडकीशी बसा. तुम्ही बसलात. घरी येईपर्यंत मला मळमळत होतं आणि मी पदर नाकाला लावून बसले होते. पुढच्या तारखेला बोलू, असं मनात धरलं. पान उघडलं तर पुढच्या तारखेला "युक्तिवाद" होता. म्हटलं, आता दोनच पायऱ्या उरल्या, वेळ आहे. तुरीच्या शेंगा भरत होत्या. त्या तारखेआधीच तुमच्या छातीत कळ आली आणि यवतमाळला नेईपर्यंत सगळं आटोपलं.

आता पुढचं ऐका, कारण हे तुम्हाला ठाऊक नाही.

त्या सहाव्या दिवसानंतर पानावर नवाच शब्द आला, "स्टेप्स". वकील म्हणाले, प्रतिवादी वारला की त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, नाहीतर दावा आपोआप संपेल. दावा संपला की निशाणी पाचचा हुकूमही संपेल. मी विचारलं, मग आपसात मिटवलं तर? ते म्हणाले, मिटवायचं तरी सही कोण करेल? मेलेल्या माणसाच्या जागी आधी कोणीतरी उभं राहायला पाहिजे. म्हणजे मिटवण्यासाठीसुद्धा मला शोभाचं आणि पुसदला दिलेल्या तुमच्या लेकीचं, राणीचं, नाव प्रतिवादी म्हणून लिहायला लागणार होतं. ज्या शोभाच्या कपाळावरचं कुंकू मी माझ्या डोळ्यांसमोर पुसलेलं पाहिलं, तिच्या विरुद्ध अर्ज. मी सही केली. शोभाला आधी जाऊन सांगायचं, असं ठरवलं होतं, पण दर दिवशी तिच्या दारापर्यंत जायचे आणि भाजीचं काहीतरी बोलून परत यायचे. भाऊजी, मी तुम्हाला भित्रे म्हणायचे ना, मीही काही कमी नाही. माझ्या आधी बेलीफ पोचला.

शोभा कागद हातात घेऊन अंगणवाडीत आली. तुम्ही उभे राहायचे त्याच जागी उभी राहिली.

"बाई, त्यायच्या राखेची ऊब नाई गेली अन तुमी माह्यं नाव कोर्टात टाकलं? प्रतिवादी! म्या तुमचं काय केलं जी?"

मी पोरांना मदतनीस बाईजवळ दिलं आणि तिला आत बसवलं. समजावायला गेले तर शब्द सुचेनात. वकिलांचे शब्द तिला टोचतच होते आणि माझ्याजवळ दुसरे नव्हते. मग मला वही आठवली. तिच्यापुढे मागची पानं उघडून ठेवली. शोभा चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. वापसा नाही, गजू भाऊजी. मजूर आले अन पाऊस आला, गजू भाऊजी. प्रत्येक ओळीशी तुमचं नाव. ती वाचत वाचत थांबली आणि म्हणाली, "हे तं त्यायचंच बोलणं हाय." मग रडली. मीही रडले. पोरं दारातून पाहत होती, पाहू देत.

डोळे पुसून तिने विचारलं, "मंग हे वारस रेकॉर्डवर घेणं म्हंजे काय? याचं काय लिवलं त्यायनं?"

मी म्हटलं, याचं ते सांगून गेले नाहीत. आणि जमेल तसं तिला सांगितलं, की जागा रिकामी झाली तर सगळा दावाच मरतो, म्हणून त्या जागी घरच्या माणसाला उभं करायचं, ते गुन्हेगार म्हणून नाही. शोभा कागदाकडे पाहत राहिली. जन्मभर कपाशीच्या पऱ्हाटीत वाकलेली बाई ती.

"म्हंजे खाडे भरणं," ती म्हणाली.

जिथे सरकी उगवली नाही किंवा रोप मेलं, तिथे दुसरं बी टोबायचं, म्हणजे तास सलग राहतो. मी तिच्या हातात पेन दिलं. तिने तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरात वहीत लिहिलं, आणि पुढे स्वतःचं नाव घातलं.

मग मी तिला मिटवण्याचं सांगितलं. एक दिवसाआड पाणी, वावरांमधल्या धुऱ्यावरून येण्याजाण्याची वाट, दोन्ही घरांना कायमचं, कागदावर. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, माझी एक अट आहे.

"इहीर दोघा भावायनं खोदली, हे वरतीच लिवा. त्यायनं कोर्टात सांगतलं होतं थे."

"तुला कसं माहीत?"

"त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं ना त्यायनं. म्हणे, छातीवरचा गोटा उतरला आज. म्या म्हटलं, वयनी काय म्हणे? तं म्हणे, वयनी काई म्हणत असते का? पण आज मले खिडकी देली."

भाऊजी, म्हणजे पोचलं होतं तुम्हाला. मी गेले दोन महिने स्वतःला खात होते, आणि तुम्ही ते त्याच संध्याकाळी समजून, जेवून, झोपलाही होता. तरी आता तोंडाने म्हणते, कारण मला एकदा म्हणायचंच आहे. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. यांचं घमेलं तुम्ही मला परत दिलंत.

तडजोडीचा कागद तयार आहे. पहिल्याच ओळीत दोघा भावांची नावं आहेत. राणी पुसदहून येऊन सही करून गेली. काल पान उघडलं तर पुढच्या तारखेपुढे "तडजोड" असं आलं आहे. शोभा फाटकाशी उभी होतीच, तिला वाचून दाखवलं. साहेबांनी कागद मान्य केला की तिथे तुमचा तो आवडता शब्द येईल, निकाली, आणि या वेळी अख्खी केस. वकिलांना विचारलं, मग पान पुसून जातं का? ते म्हणाले, नाही, राहतं. माझं नाव वर, तुमचं खाली. पेढे या वेळी मी आणणार आहे. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं आहे, मी वाचल्याशिवाय तू काही वाचायचं नाही.

शुक्रवारी मी आणि शोभा जाऊ. कोर्टाच्या फाटकाशी आलो की माझे पाय सवयीने बाजूला वळतील, पण तिचा हात धरून ठेवीन, आम्ही आत एकत्रच जाणार. जीपमधल्या जागेवरून मात्र काल आमचा वाद झालाच. ती म्हणे, बाई, खिडकी तुमची, तुमाले मळमळते. मी म्हटलं, तसं नाही चालायचं. शेवटी जाताना खिडकी तिची आणि येताना माझी, असं मिटलं. बारी ठरली, भाऊजी.

तुमची वहिनी,
वंदना